बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आणि ऑपरेशन : पैसे भरण्याआधी एवढं वाचा



गटात कर्जाचा अर्ज आला की कारण लिहावं लागतं. शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना. 'दवाखाना' म्हटलं की आपण फार खोदून विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुखणं कुणाला विचारून येत नाही. पण दवाखान्याच्या खर्चातही दोन प्रकार असतात. एक खर्च थांबू शकत नाही. दुसरा खर्च सहा महिने थांबला तर पैसेही वाचतात आणि गुणही जास्त येतो. बाळंतपणानंतर सुटलेलं पोट ऑपरेशन करून सपाट करून घेणं हा दुसऱ्या प्रकारातला खर्च आहे.

आपलं देहू, तळवडे, चाकण हा पट्टा शहराला लागून आहे. मोबाईल उघडला की 'टमी टक', 'मॉमी मेकओव्हर', 'सुलभ हप्त्यात ऑपरेशन' अशा जाहिराती दिसतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, सिझेरियनचे टाके पडलेल्या, पोटाची घडी साडीत लपवणाऱ्या बाईला त्या पाहून वाटतंच, आपणही करून घ्यावं का? असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. घडीखाली घामाने कातडी चिरते, खाज सुटते, कंपनीत आठ तास उभं राहून कंबर धरते. वरून घरातले टोमणे. शरीर आपलं आहे, त्याचा विचार आपणच करायचा.

फक्त एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ. हे ऑपरेशन वजन कमी करण्यासाठी नसतं. उलट, वजन आधी कमी होऊन स्थिर झालेलं असेल तरच चांगला डॉक्टर ते करायला तयार होतो. असं का, ते क्रमाने पाहू.

पोट सुटतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपण सगळ्यालाच 'पोट सुटलं' म्हणतो. पण आत चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चौघींचा उपाय वेगळा.

पहिली, चरबी. तीही दोन ठिकाणी असते. एक कातडीच्या खाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी आत, आतड्यांच्या आणि लिव्हरच्या भोवती. ती चिमटीत येत नाही, पोट मडक्यासारखं टणक आणि गोल दिसतं. साखर, बीपी आणि हृदयाच्या आजाराशी जास्त संबंध या आतल्या चरबीचा.

दुसरी, सैल कातडी. नऊ महिने ताणलेली कातडी कुणाची परत आवळते, कुणाची लोंबतच राहते. सिझेरियनच्या टाक्यांवर जी घडी येते, तिच्यात बहुधा कातडी आणि चरबी दोन्ही असतात.

तिसरी, स्नायूंची फट. पोटाच्या मध्यभागी उभे दोन स्नायू असतात, डावा आणि उजवा. गरोदरपणात बाळाला जागा देण्यासाठी ते एकमेकांपासून लांब जातात. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचे ते हळूहळू जवळ येतात, काहींचे येत नाहीत. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी १०० पैकी ६० जणींना अशी फट होती, वर्षभरानंतर ती ३३ जणींनाच राहिली. म्हणजे वर्षभर शरीर स्वतःच डागडुजी करत असतं. त्याला तेवढा वेळ द्यायला हवा.

चौथी, हर्निया. पोटाच्या भिंतीला बेंबीजवळ किंवा जुन्या टाक्यांच्या जागी भोक पडतं आणि आतलं आतडं किंवा चरबी फुग्यासारखी बाहेर येते. हा आजार आहे. याचा सुंदर दिसण्याशी संबंध नाही.

घरी पाहायचं असेल तर असं पाहा. टाके पूर्ण भरलेले असावेत. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. बेंबीच्या थोडं वर दोन बोटं आडवी ठेवा. आता डोकं आणि खांदे जरासे उचला. मध्ये खड्डा लागला आणि त्यात दोन किंवा जास्त बोटं आरामात बसली, तर स्नायूंची फट असण्याची शक्यता आहे. खोकल्यावर किंवा उभं राहिल्यावर एका जागी गोळा वर येत असेल आणि झोपल्यावर आत जात असेल, तर हर्निया असू शकतो. दोन्ही वेळी डॉक्टरला दाखवायचं, स्वतःच ठरवून मोकळं व्हायचं नाही. आणि पोट थोड्या दिवसांत भराभर वाढायला लागलं, पाळी बिघडली, किंवा पोट सारखं गच्च वाटायला लागलं तर त्याला 'सुटलेलं पोट' समजून घरी बसू नका. अंडाशयाची गाठ, पोटात पाणी, अगदी नवं गरोदरपणसुद्धा असू शकतं. सोनोग्राफी करा.

आणखी एक समज आपल्याकडे घट्ट बसलाय, की कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं की पोट सुटतं. त्या ऑपरेशनमध्ये फक्त बीजनलिका बंद करतात. अंडाशय जिथल्या तिथे राहतं, पाळीही चालू राहते. त्या वयात वजन वाढतं ते खाण्यापिण्याने, कमी झोपेने आणि वय वाढल्याने. बाळंतिणीचं पोट बांधण्याचंही तसंच. पट्ट्याने कंबरेला आधार मिळतो, बरं वाटतं. पण पट्ट्याने चरबी वितळत नाही आणि नुसत्या पट्ट्याने फटही भरून येत नाही.

ऑपरेशनने काय निघतं, काय निघत नाही

पोट सपाट करण्याच्या ऑपरेशनमध्ये ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. जास्तीची कातडी आणि तिच्याखालची चरबी काढतात, मधले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, बेंबी नव्या जागी बसवतात. पूर्ण भूल लागते. बऱ्याच वेळा आत साचणारं पाणी काढायला काही दिवस नळी ठेवतात. छेदाची खूण आयुष्यभर राहते, फक्त कपड्याखाली झाकली जाते.

दुसरं ऑपरेशन लायपोसक्शन. बारीक नळीने कातडीखालची चरबी ओढून काढतात. त्याने सैल कातडी आवळत नाही आणि स्नायूंची फटही भरत नाही.

आता मुद्दा असा, की या दोन्हींत आतली चरबी, आतड्यांभोवतीची, अजिबात निघत नाही. तिला हातही लावत नाहीत. जिचं पोट आतल्या चरबीने पुढे आलंय, तिची कातडी कितीही ताणून शिवली तरी पोट पुढेच राहणार. भरलेल्या पिशवीचं तोंड आवळल्यावर पिशवी बारीक होते का? आधी आतलं सामान कमी करावं लागतं. ती आतली चरबी फक्त खाण्यात बदल, चालणं-व्यायाम आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या औषधानेच कमी होते.

लठ्ठपणासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन असतं, ते पूर्ण वेगळं. ते फार जास्त वजन असणाऱ्यांसाठी, वजनामुळे साखर-बीपी हाताबाहेर गेलेल्यांसाठी असतं. त्याचे निकष वेगळे, पथ्य जन्मभराचं. जाहिरातीत दोन्हींची सरमिसळ केलेली असते, म्हणून सांगितलं.

डॉक्टर आधी वजन का विचारतात?

वजन जास्त असताना हे ऑपरेशन केलं तर धोका वाढतो. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून जखम उशिरा भरते, पू होतो, टाके उसवतात, आत पाणी साचतं. पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरचं कामही अवघड होतं. ही भीती दाखवायची म्हणून सांगत नाही. मे २०२२ मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांत काम करणारी चेतना राज ही अवघ्या २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली, देशभर बातमी झाली होती. 'छोटंसं काम आहे, संध्याकाळी घरी' असं म्हटलं जातं तेव्हा हे आठवावं.

दुसरं कारण पैशाचं. ऑपरेशननंतर दहा-बारा किलो वजन उतरलं तर कातडी पुन्हा सैल पडते. वाढलं तर पुन्हा ताणते. दोन्हीकडून केलेला खर्च वाया.

म्हणून डॉक्टर बीएमआय काढतात. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. समजा उंची पाच फूट, म्हणजे १.५२ मीटर, आणि वजन ६८ किलो. ६८ ला १.५२ ने भागलं की ४४.७ येतात. त्याला परत १.५२ ने भागलं की २९.४. हा झाला बीएमआय.

भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हे योग्य धरतात. २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. आपल्या शरीराची ठेवण अशी, की कमी वजनातही चरबी पोटात साठते आणि साखर लवकर वाढते, म्हणून आपली मर्यादा युरोप-अमेरिकेपेक्षा खाली ठेवली आहे. पोट सपाट करण्याच्या ऑपरेशनसाठी बहुतेक सर्जन बीएमआय ३० च्या आत असलेला पसंत करतात. ३० ते ३५ मध्ये तब्येत पाहून ठरवतात. ३५ च्या पुढे बहुतेक जण 'आधी वजन कमी करा' म्हणून परत पाठवतात. परत पाठवणारा डॉक्टर वाईट नाही. तो तुमचा जीव आणि पैसा दोन्ही वाचवतोय.

भागाकार करायला नको, म्हणून तयार आकडे खाली दिलेत. कापून गटाच्या वहीत चिकटवा.

उंची १४५ सेंमी (सुमारे ४ फूट ९ इंच) : ४८ किलोपर्यंत योग्य, ५३ च्या पुढे लठ्ठपणा, ६३ ला बीएमआय ३०.
उंची १५० सेंमी (सुमारे ४ फूट ११ इंच) : ५१ किलोपर्यंत योग्य, ५६ च्या पुढे लठ्ठपणा, ६७ ला बीएमआय ३०.
उंची १५५ सेंमी (सुमारे ५ फूट १ इंच) : ५५ किलोपर्यंत योग्य, ६० च्या पुढे लठ्ठपणा, ७२ ला बीएमआय ३०.
उंची १६० सेंमी (सुमारे ५ फूट ३ इंच) : ५८ किलोपर्यंत योग्य, ६४ च्या पुढे लठ्ठपणा, ७७ ला बीएमआय ३०.

वजनाबरोबर पोटाचा घेरही टेपने मोजा. बाईचा घेर ८० सेंमी, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, याच्या पुढे गेला तर साखर आणि बीपी तपासून घ्यायची वेळ झाली असं समजा.

वजन बसलं, तरी कुणी थांबायचं?

बीएमआय बरोबर आला म्हणजे लगेच ऑपरेशन, असं नाही. पुढच्या गोष्टीही पाहतात.

बाळ लहान आहे का? बाळंतपणानंतर किमान सहा महिने, आणि अंगावरचं दूध सुटून काही महिने झाल्याशिवाय करत नाहीत. वर्षभर थांबलेलं बरं.

पुढे मूल हवंय का? हवं असेल तर आता करू नका. पुढच्या गरोदरपणात स्नायू आणि कातडी पुन्हा ताणली जातात.

वजन स्थिर आहे का? निदान सहा महिने साधारण एकाच आकड्यावर असावं. 'पंधरा दिवसांत दहा किलो' वाल्या पावडरीने उतरवलेलं वजन स्थिर नसतं.

रक्त किती आहे? हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं, आणि त्याच पाहणीत २४ टक्के बायकांचं वजन जास्त होतं. म्हणजे अंगाने भरलेली बाई आतून अशक्त असू शकते. पोट मोठं दिसतं म्हणून रक्तही भरपूर असेल, असं नसतं.

साखर, बीपी, थायरॉईड? तपासून आटोक्यात आणल्याशिवाय नाही.

मिश्री, तंबाखू? हा प्रश्न डॉक्टरने विचारला नाही तरी आपणहून सांगा. 'मी बिडी ओढत नाही, नुसती मिश्री लावते' म्हणून ती लपवू नका. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ताणून शिवलेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि कडा काळी पडून सडू शकते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही ती बंद हवी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

आणि घरी आराम मिळणार आहे का? दोन-तीन आठवडे वाकूनच चालावं लागतं. साधारण सहा आठवडे हंडा, सिलिंडर, पाण्याचा जार, लेकरू, यातलं काही उचलायचं नसतं. कंपनीत कंत्राटी कामावर असाल तर तेवढे दिवस पगार नाही, आणि परत गेल्यावर जागा राहील का, हाही प्रश्न. हे सगळं जमणार नसेल तर आत्ताची वेळ योग्य नाही, एवढंच.

हर्निया असेल तर मात्र थांबू नका

वरचं सगळं दिसण्यासाठी करायच्या ऑपरेशनचं झालं. हर्नियाला हा नियम लागू नाही. हर्नियासाठीही डॉक्टर थोडं वजन कमी करायला सांगतील, ते ऐकावं. पण गोळा एकाएकी कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, संडास-गॅस बंद झाला, तर आतडं अडकलेलं असू शकतं. मग वजन, पैसे, मुहूर्त काही पाहायचं नाही. त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, म्हणजे आपलं वायसीएम. औंधला जिल्हा रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

गटाकडे अशा कामासाठी कर्ज मागितलं गेलं तर विशेष बैठक घ्या, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

पैशाचा हिशेब

दिसण्यासाठीचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण ती आजारासाठी आहे, पोट सपाट करण्यासाठी नाही. हर्निया असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून विचारा. योजनेचा फोन १५५३८८. ज्यांच्या घरात कुणाचा पगार महिना २१,००० च्या आत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांनी चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात विचारायला विसरू नका. कार्ड पगारदारावर अवलंबून असलेल्या घरच्यांनाही लागू असतं आणि कित्येक घरांत ते कपाटातच पडून असतं.

खासगी विमाही दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला पैसे देत नाही. लठ्ठपणाच्या ऑपरेशनला विमा नियामकाने घालून दिलेली अट अशी की बीएमआय ४० किंवा जास्त हवा, किंवा ३५ च्या वर असून सोबत हृदयाचा आजार, आटोक्यात न येणारी साखर असा गंभीर त्रास हवा. तेव्हा 'विम्यात बसवून देतो' असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. खोट्या कारणाचा कागद तुमच्या नावावर राहतो.

मग उरतो हप्ता. समजा दीड लाख रुपये महिना २ टक्के घटत्या व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण ७,९३० रुपये आणि दोन वर्षांत परतफेड १ लाख ९० हजार. म्हणजे ४० हजार नुसतं व्याज. त्यात बुडालेला पगार, औषधं, पोटाचा पट्टा, येण्याजाण्याचा खर्च, आणि काही बिघडलं तर पुन्हा भरती. हे आधी कागदावर मांडा, मग सही.

जाहिरात खरी की खोटी?

औषध व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. ज्या आजारांवर 'बरं करून देतो' अशी औषधाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे 'महिन्यात पंधरा किलो कमी, खात्रीशीर' असं सांगून काढा, पावडर, तेल विकणारी जाहिरात मुळातच कायद्यात बसत नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तिची तक्रार करता येते. २०२५ पासून वजन उतरवायची इंजेक्शनं आपल्याकडे आली आहेत. ती खरी औषधं आहेत, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर नाहीच नाही.

ऑपरेशन करणारा डॉक्टर प्लास्टिक सर्जन हवा, म्हणजे त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी हवी. ब्युटी पार्लर, स्लिमिंग सेंटर किंवा नुसतं 'कॉस्मेटिक' लिहिलेली पाटी म्हणजे पदवी नव्हे. जिथे ऑपरेशन होणार तिथे अतिदक्षता विभाग आहे का, नसेल तर काही झाल्यावर कुठे नेणार, भूलतज्ज्ञ कोण, हे विचारा. महाराष्ट्रात २०२१ पासून रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. ते पाहा. संमतीपत्र मराठीत मागा, वाचा, मगच सही करा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय की शुद्धीत असलेल्या, सज्ञान बाईने ज्या उपचाराला संमती दिली तेवढाच करायचा. जिवाला तातडीचा धोका नसेल तर तिची भूल उतरायची वाट न पाहता दुसऱ्या कुणाच्या संमतीने जास्तीचं ऑपरेशन करता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला तर अजिबात संकोच करू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कित्येकींची ऐन तरुण वयात. गर्भपिशवी आणि पोटाची चरबी या वेगळ्या गोष्टी आहेत, पण धडा एकच. एकाच दवाखान्याच्या सांगण्यावरून, उसनवारी करून, घाईत ऑपरेशन करायचं नाही.

मग वजन उतरवायचं कसं?

उपाशी राहून नाही. महिन्याला दोन-तीन किलो उतरलं तरी पुष्कळ. सत्तर किलोच्या बाईचे सहा-सात किलो गेले तरी साखर आणि बीपीत फरक दिसतो, आणि पुष्कळ जणींना तेवढ्यावरच ऑपरेशनचा विचार मागे पडतो.

चहापासून सुरुवात करा. दिवसात चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोज ४० ग्रॅम. महिन्याला सव्वा किलो साखर एकटीच्या पोटात. चार कपांचे दोन करा, चमचा अर्धा करा. मुलांच्या ताटातलं उरलेलं 'वाया जायला नको' म्हणून आपण खातो, ते बंद करा. आपलं पोट म्हणजे घराचा उकिरडा नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, शेंगदाण्याचे लाडू खाऊन उपास जड होतो. त्याऐवजी भगर, ताक, फळं घ्या. ताटात अर्धी भाजी-कोशिंबीर, एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ, आणि मग भाकरी. रात्रपाळी असेल तर कँटीनच्या वड्यापेक्षा घरचे फुटाणे बरे. डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी असतात. बाळ शाळेत गेलं तरी ते चालू ठेवायचे नसतात.

चालणं आठवड्यात किमान दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. 'घरकामात व्यायाम होतो' हे अर्धंच खरं आहे. घरकामाने दमायला होतं, दम लागत नाही. चौघी मिळून पहाटे इंद्रायणीच्या घाटावर गेलात तर सोबतही होते.

स्नायूंची फट असेल तर उठाबशा आणि पोटावर जोर देणारे व्यायाम सुरुवातीला नको, त्यांनी फट वाढू शकते. श्वास सोडत पोट हळूच आत ओढायचं, पाच अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. झोपेतून उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो.

गटाने काय करावं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. बैठकीत महिन्यातून एकदा वजन आणि घेर मोजायचा ठराव करता येईल. एक काटा, एक टेप, एक वही. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, जिचा तिने लिहायचा. वर्षातून एकदा आशाताईंना बोलावून सगळ्यांचं रक्त, साखर, बीपी तपासून घ्यावं.

आणि ऑपरेशनसाठी कर्जाचा अर्ज आला तर त्या ताईला हसू नका, उपदेशही करू नका. तिला तीन गोष्टी विचारा. हर्निया नाही ना, हे डॉक्टरने पाहिलं का? वजन सहा महिने एका आकड्यावर आहे का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? तिन्हींची उत्तरं तिच्याकडे असतील आणि हप्ता झेपणार असेल, तर निर्णय तिचा आहे. नसतील, तर अर्ज नामंजूर करायची गरज नाही. सहा महिन्यांनी परत आणायला सांगा, आणि तोपर्यंत रोज पहाटे तिच्या दारात जाऊन तिला चालायला हाक मारा.